मंडईच्या दिवशीची मुलाखत

सानगडीच्या मंडईची, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेची, तारीख गावाने ठरवली होती आणि शालूच्या मुलाखतीची तारीख हैदराबादच्या कंपनीने. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. त्यामुळे दिवाळीनंतरच्या त्या बुधवारी दुपारी तीन वाजता शालूच्या माहेरी, डोंगरवारांच्या अंगणात गावोगावचे पाहुणे, चौकात आकाशपाळणा, घरासमोरच्या खांबावर रात्रीच्या नाटकाची जाहिरात करणारा भोंगा आणि माडीवरच्या खोलीत मुलाखतीचा लॅपटॉप असं सगळं एकाच वेळी हजर राहणार होतं.

शालूची वहिनी रीता सकाळपासून या भोंग्याकडे बघत होती. चार वर्षं ती याच माडीवरच्या खोलीत बसून त्याच कंपनीतल्या साठ माणसांचा कारभार पाहत होती. त्या साठांतली निम्मी तिला मॅडम म्हणत, उरलेली नावाने हाक मारत. सानगडीत मात्र ती अजून मनिषची बायको होती. याची आपल्याला सवय झाली आहे असं ती सांगायची. झाली नव्हती.

लग्न, बाळंतपण, सासर अशा कारणांनी काम सुटलेल्या बायकांना कंपनीने पुन्हा घ्यावं म्हणून तिने वरच्या लोकांशी दोन वर्षं डोकं फोडलं होतं. शेवटी योजना मंजूर झाली आणि पहिल्याच तुकडीत नणंदेचा अर्ज आला. रीताने त्याच दिवशी वर कळवून टाकलं, ही माझी नणंद आहे, तिच्या निवडीत मी कुठेच नसेन. नियम कडक होता आणि तो तिनेच लिहिला होता. त्यामुळे शालूसाठी तिला करण्यासारखं एवढंच उरलं होतं की एक खोली द्यायची, नेट द्यायचं आणि तासभर शांतता द्यायची. खोली आणि नेट तिच्या हातात होतं.

शांततेसाठी ती सकाळीच चौकात जाऊन मंडळाच्या पोरांना भेटून आली होती.

"दुपारी माझी ऑफिसची महत्त्वाची मीटिंग आहे. तासभर भोंगा कमी कराल का?"

"हो ना वहिनी! काहून नाई? तुमी बिनधास्त राहा," मंडळाचा अध्यक्ष म्हणाला. रीता घरी पोचेपर्यंत आवाज वाढलेला होता.

शालू आदल्या संध्याकाळी कोंढ्याहून आली होती. आठ वर्षांपूर्वी ती नागपूरच्या एका कंपनीत होती, मग लग्न झालं आणि कोंढ्याच्या घरात स्वयंपाक, धान, मिरच्या आणि पुढे मुलगी आर्वी. गेले सात महिने ती चोरून अभ्यास करत होती. कोंढ्याला मोबाईलला रेंज फक्त गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ मिळायची, म्हणून वाळत घातलेल्या मिरच्या राखायचं काम तिने स्वतःकडे मागून घेतलं. त्या वर्षी सासूबाईंच्या, पुष्पाबाईंच्या, मिरच्यांना एकाही माकडाने तोंड लावलं नाही. सासूने चार शेजारणींत सुनेचं कौतुक केलं आणि शालूला ते ऐकून रडू आलं.

आज ही संधी हुकली तर पुढची केव्हा, हे तिला माहीत नव्हतं. कोंढ्याला सांगायचं कसं, हेही नव्हतं. आधी निवड होऊ दे, मग बघू, एवढंच तिने ठरवलं होतं.

तिच्या नवऱ्याला, प्रितमला, सगळं ठाऊक होतं. तोही मंडईला आला होता आणि जिन्याखाली उभा राहून चकली खात होता.

"माह्या पूर्ण पाठिंबा आहे तुले," तो म्हणाला.

"मंग आईले सांगून ठेव ना थोडं."

"तेवढं सोडून."

प्रितमची आई मंडईला येणार नव्हती. कोणत्याच वर्षी येत नसे. या वर्षी मात्र भय्याजींनी, म्हणजे शालूच्या वडिलांनी, विहिणीला स्वतः फोन करून बोलावलं आणि घरात कोणालाच सांगितलं नाही. माजी सरपंचाला पाहुणे बोलावताना बायकांना विचारायची सवय नव्हती. एक वाजता ऑटो दारात उभा राहिला आणि पुष्पाबाई उतरल्या. शालूच्या हातातला पाण्याचा तांब्या हातातच राहिला.

"अशी काय पाहून राहिली? भूत आलं का?" पुष्पाबाई म्हणाल्या.

"नाई आई. पाणी घ्या."

शालूची आई, सुलोचनाबाई, स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होत्या. लेकीच्या मुलाखतीचं सुनेने त्यांना आठवडाभर आधीच सांगितलं होतं. त्या फार काही बोलल्या नव्हत्या. 'बाप ओरडंन, सासू ओरडंन, मंग मी बी ओरडीन, पन आंधी पोट्टीले बसू दे,' एवढंच म्हणाल्या होत्या. आता त्यांनी सुनेला आत ओढलं.

"ईनबाईले मी अंगणात बाजेवर बसवतो. कोंबडीचा रस्सा, वडे, एकामागून एक देत राहतो. तू पोट्टीले वर घेऊन जाय. दाराशी कामिनीले बसव."

कामिनी म्हणजे सुलोचनाबाईंच्या धाकट्या दिराची मुलगी. साकोलीला कॉलेजात शिकत होती आणि मंडईसाठी शिवलेला नवा मोरपिशी ड्रेस घालून सकाळपासून आरशाशी होती. तिला खोलीत दाराशी बसवून, कोणी आलं तर आतून कडी लावायची असं बजावण्यात आलं. तिने मान डोलावली आणि ओढणी सारखी केली.

तीन वाजले. पडद्यावर तीन चेहरे आले. मधोमध टक्कल पडलेले चष्मेवाले गृहस्थ, त्यांच्या एका बाजूला केस पिकलेल्या बाई, दुसऱ्या बाजूला दाढीवाला तरुण. रीताने शालूच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती नियमाप्रमाणे खोलीबाहेर पडली.

*

भय्याजी माडीवर गेले ते चष्मा शोधायला. रीता त्याच वेळी मागच्या जिन्याने उतरली होती, नाहीतर पुढचं काहीच झालं नसतं. खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. कामिनीला कडी लावायची होती ती कोणी आलं तर, आणि ती ओढणीच्या पिना लावण्यात गुंतली होती. भय्याजींनी फटीतून पाहिलं. समोर कामिनी, नव्या कपड्यांत, मान खाली घालून. पलीकडे टेबलावर पडदा. पडद्यावर वडील, आई आणि मुलगा, ओळीने बसलेले. दाराच्या आड खुर्चीत बसलेली शालू त्यांना दिसली नाही, आणि तिघंही इतक्या गंभीरपणे बघत होते की भय्याजींना शंका घ्यायला जागाच उरली नाही.

ते चष्मा न घेताच खाली आले.

पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत मंडईला सोयरिकी जुळतात. गावोगावचे पाहुणे आलेले असतात, पोरी नटलेल्या असतात, पोरं दाढी करून आलेली असतात, आणि कोणी कोणाला बघितलं हे चार दिवसांत पक्कं होतं. भय्याजींच्या हातून अशा कितीतरी सोयरिकी पार पडल्या होत्या. आपल्याच पुतणीला बघायला लोक आले, तेही कॉम्प्युटरवरून, आणि आपल्याला पत्ता नाही, याचं त्यांना आधी वाईट वाटलं. मग त्यांनी सुनेला माफ केलं. शहरातलं स्थळ असेल, जुळेपर्यंत बोलायचं नसेल. सून समजदार होती.

अंगणात त्यांचे साडू टिकाराम बसले होते. आजूबाजूच्या गावांतल्या लग्नाच्या वयाच्या सगळ्या पोरापोरींचा हिशोब त्यांच्या डोक्यात असे.

"टिकाराम," भय्याजी खाली वाकून म्हणाले, "आवाज कमी कर. वर पोरगी पाहाचं चालू आहे."

"कोन्ती पोरगी?"

"कामिनी."

"काय म्हणता! कुठचे पाहुणे?"

"हैदराबादचे असतीन. रीताच्या वळखीचे. तिघं आहेत. बाप मोठा साहेब दिसते."

टिकारामनी शेजारच्याला सांगितलं. शेजारच्याने त्याच्या बायकोला. पाच मिनिटांत अंगण असं शांत झालं की पत्रावळीवर भात वाढल्याचा आवाज येऊ लागला. लहान पोरांना बाहेर पिटाळलं. एक म्हातारी खोकली तर तिला चार जणांनी पाणी दिलं. भय्याजी स्वतः चौकात गेले आणि मंडळाच्या अध्यक्षाला म्हणाले, "घरी पाहुणे पोरगी पाहाले बसले आहेत गा."

भोंगा तिथल्या तिथे बंद झाला. अध्यक्षाने आकाशपाळणावाल्यालाही दोन शब्द सुनावले.

रीता पायरीवर आली आणि थबकली. अशी शांतता तिने या घरात चार वर्षांत ऐकली नव्हती. तिने सासूकडे पाहिलं. सुलोचनाबाईंच्या हातात वड्यांचं ताट होतं.

"काय झालं आई?"

"कामिनीची सोयरीक जुळून राहिली म्हणते."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

रीताला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तिच्यासमोर दोन रस्ते होते. खरं सांगितलं तर भोंगा सुरू होणार होता. तिने खरं सांगितलं नाही. हसू आलं, आणि त्याहून जास्त रागही आला. सकाळी तिने मागितली तेव्हा या गावाकडे दोन मिनिटांची शांतता नव्हती, आणि आता कोणी न मागता तासभराची निघाली होती.

"राहू दे," सुलोचनाबाई हळूच म्हणाल्या. "वडे थंडे होऊन राहिले."

*

गडबड केली ती टिकारामनी. त्यांना रीतभात फार कळत होती.

"पोरगी एकटीच बसली का वर?" त्यांनी विचारलं.

"रीता होती ना," भय्याजी म्हणाले.

"रीता त अठी उभी आहे. घरातली एखादी म्हातारी बाई पोरीपाशी पाह्यजे भाऊ. पाहुणे काय म्हणतीन? यांच्या घरी कोनी मोठं माणूस नाई म्हणतीन."

भय्याजींना हे पटलं. त्यांनी अंगणावर नजर फिरवली. सुलोचनाबाईंचे हात तेलाचे होते. आणि बाजेवर, इस्त्रीचं लुगडं नेसून, सगळ्यांत भारदस्त अशा त्यांच्या विहीणबाई बसल्या होत्या.

"ईनबाई," भय्याजी अगदी मानाने म्हणाले, "तुमी वर जाऊन बसाल का? तुमच्यावानी माणूस दिसलं की पाहुण्याहीवर वजन पडते."

"बाबूजी!" रीता पुढे झाली. "त्यांना कशाला त्रास? मी जाते ना वर."

"तू गप बस. तुले समजत नाई यातलं."

पुष्पाबाई उठल्या. मान मिळाला की नाकारायचा नाही, हे त्यांचं जुनं धोरण होतं. त्यांनी पदर नीट केला आणि जिना चढू लागल्या. जिन्याखाली प्रितम उभा होता. आई समोरून वर जाताना त्याने बघितली आणि हातातली चकली खिशात टाकली. अडवलं नाही. सुलोचनाबाईंनी वड्यांचं ताट ठेवलं आणि देवाचं नाव घेतलं.

खोलीत कामिनी नव्हती. भोंगा बंद झाल्यावर तिला वाटलं आता राखणीची गरज उरली नाही, आणि ती मागच्या जिन्याने मंडईत निघून गेली होती.

पुष्पाबाईंना दिसली ती आपली सून. खुर्चीत ताठ बसलेली, समोर पडदा, पडद्यात तीन माणसं. पोरीच्या वतीने वहिनीने किंवा बहिणीने बोलावं यात काही वावगं नव्हतं, म्हणून त्या मागच्या पलंगावर बसल्या आणि पाहुण्यांना दिसेल अशा बेताने पुढे सरकल्या.

पडद्यातल्या बाई बोलता बोलता थांबल्या. "शालू जी, आपके साथ कमरे में कोई है?"

शालूने मागे वळून पाहिलं. तिचा चेहरा उतरला. ती पुन्हा पडद्याकडे वळली.

"मेरी सास हैं."

"नमस्ते माँजी. हम इनसे थोड़ी देर और बात कर लें? आप बीच में कुछ मत बताइएगा."

"करो ना," पुष्पाबाई म्हणाल्या. "मैंने क्या पकड़ के रक्खा क्या?"

चष्मेवाले हसले. मग पुन्हा इंग्रजी सुरू झालं. पुष्पाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांनी तीस वर्षं पवनीच्या व्यापाऱ्यांना धान विकलं होतं. बोलणं कळलं नाही तरी कोण चढलं आणि कोण उतरलं हे त्यांना कळायचं. आणि हे तिघं कामिनीबद्दल विचारत नव्हते. कामिनीचं नाव एकदाही आलं नाही. ते विचारत होते शालूला, आणि शालू उत्तर देत होती.

ती नुसतं उत्तर देत नव्हती. चष्मेवाल्यांनी काहीतरी लांबलचक विचारलं, तेव्हा ती म्हणाली 'नो सर'. आवाज मोठा, मान वर. हाताने हवेत चौकटी काढून तिने त्यांना काहीतरी समजावलं. ते मधेच बोलू लागले, तर तिने हात वर करून थांबवलं आणि आपलं वाक्य पूर्ण केलं. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. व्यापारी हरला की आधी चष्मा पुसतो, हे पुष्पाबाईंना पक्कं माहीत होतं. दाढीवाला पोरगा खाली मान घालून हसला.

पुष्पाबाईंना आधी अभिमान वाटला आणि लगेच वाईट वाटलं. ही पोरगी आठ वर्षं त्यांच्या घरात होती. 'हो आई', 'नाई आई', 'वाढू का आई', याच्यापलीकडे तिचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. त्यांना वाटायचं तो तेवढाच आहे.

शेवटी बाईंनी हिंदीत विचारलं, "आठ साल आपने काम नहीं किया. क्यों छोड़ा था?"

या प्रश्नाचं उत्तर शालूने गच्चीवर घोटून तयार केलं होतं. 'पारिवारिक कारण' असं म्हणायचं आणि पुढे जायचं. शालूने तोंड उघडलं. पाठीमागे पलंग करकरला.

"घर के बड़ों ने तय किया था," ती म्हणाली. "मुझसे किसी ने पूछा नहीं. और मैंने भी कुछ कहा नहीं. ये मेरी गलती थी."

बाईंनी मान हलवली. "सोमवार को बताते हैं," त्या म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला.

खोलीत दोघीच राहिल्या. शालू वळली नाही. वळायची तिची हिंमत होत नव्हती.

"खाली चाल," पुष्पाबाई म्हणाल्या.

*

खाली तोवर टिकारामना वाईट बातमी लागली होती. ते पान आणायला चौकात गेले, तर आकाशपाळण्याच्या वरच्या पाळण्यात मोरपिशी ड्रेस दिसला. पाळणा खाली आला. कामिनी भेळ खात होती. तिने मोठ्या उत्साहाने त्यांना हात केला.

"भय्याजी," टिकाराम धापा टाकत अंगणात आले, "कामिनी पाळण्यात बसली आहे! मंग वर पाहुणे कोनाले पाहून राहिले?"

उत्तर जिन्यावरून उतरत होतं. पुढे पुष्पाबाई, मागे शालू. अंगणातलं प्रत्येक माणूस त्यांच्याकडे बघत होतं. रीताने सासूचा तेलकट हात धरला, सासूने तो सोडवला नाही.

पुष्पाबाई बाजेवर बसल्या.

"इवाई," त्या व्याह्यांना म्हणाल्या, "ते सोयरिकीचे पाहुणे नोते. नोकरीवाले होते. तुमच्या शालूले पाहाले आले होते."

भय्याजींना हे दोनदा ऐकावंसं वाटलं, पण विचारायची सोय नव्हती. एवढ्या लोकांसमोर विहीण दुखावली, हे त्यांना आधी समजलं, आणि त्यांच्या अंगावर सरपंचपण आलं.

"शालू! हे काय आहे? सासूले न विचारता? लग्न झालेल्या पोरीनं असं चोरून... ईनबाई, मले खरंच काई मालूम नोतं. मी आत्ताच त्या लोकायले नाई म्हणून कळवतो. रीता, लाव फोन!"

"फोन लागणार नाही बाबूजी," रीता म्हणाली.

"काहून?"

"मी लावणार नाही."

भय्याजींनी सुनेकडे बघितलं. मग आधारासाठी मुलाकडे. मनिषला त्याच क्षणी इन्व्हर्टरची आठवण झाली.

"थांबा इवाई," पुष्पाबाई म्हणाल्या. "पोरगी तुमी देल्ली ना आमाले? मंग तिचं हो-नाई आता आमच्या घरचं. तुमी कोन नाई म्हणणारे?"

भय्याजींनी हेच वाक्य आयुष्यभर दुसऱ्यांच्या बैठकीत वापरलं होतं.

"मले एक सांगा," पुष्पाबाई पुढे म्हणाल्या. "वर त्या बाईनं इचारलं, नोकरी काहून सोडली. हे पोरगी म्हणे घरच्या मोठ्याहीनं ठरवलं. मोठी म्हणून खोलीत मीच बसली होती. तिघंही माह्याकडं पाहाले लागले. कोन्त्या मोठ्यानं ठरवलं, हे मले आयकाचं आहे. आमी कोंढ्याच्या लोकायनं कदी म्हटलं होतं?"

शालूने डोकं वर केलं. "तुम्ही नव्हतं म्हटलं?"

"नाई वो. सोयरिकीच्या बैठकीत तुह्या बापानं सांगतलं, पोरगीच म्हणते लग्नानंतर नोकरी नाई करत म्हणून. आमाले वाटलं, तुले घरातच राहाची हौस आहे."

आठ वर्षं शालूने सासूवर मनात राग धरला होता. मिरच्यांच्या वाळवणाजवळ बसून, रोज, थोडा थोडा. तो राग आता ठेवायचा कुठे हेच तिला कळेना. तिने वडिलांकडे बघितलं.

"बाबूजी, मी असं कधी म्हटलं होतं?"

भय्याजींनी बाजेच्या सुतळीकडे पाहिलं. "स्थळ चांगलं होतं बाई," ते म्हणाले. "पोरगी नोकरीवाली म्हटलं की लोक मांगं सरकत. त्याहीनं इचाराच्या आंधी आपनच सांगून टाकलेलं बरं, असं वाटलं. मले काय मालूम, तुले एवढं..."

सुलोचनाबाईंनी नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की टिकाराम जरा लांब सरकून बसले.

"आमी नाईच म्हटलं असतं," पुष्पाबाई म्हणाल्या. "खोटं कायले बोलू? नोकरीवाली सून मले नोती पाह्यजे. पन मले नाई म्हणू त द्याचं होतं. हे भांडली असती, रुसली असती. मी पंधरा दिवस बोलली नसती. मंग काई तरी झालं असतं. तुमी मधातच निपटवून टाकलं, आन आठ वर्षं हे पोरगी मले वाईट समजत राहिली."

प्रितम भिंतीला टेकून उभा होता. आईने मान वळवली.

"तुले मालूम होतं?"

"हो. म्हणजे... माह्या पूर्ण पाठिंबा होता तिले."

"बरं झालं. काम कुठं आहे?"

"त्यांच्या नागपूरच्या ऑफिसात," शालू म्हणाली. "आठवड्यातून तीन दिवस तिथं राहावं लागेल. पण अजून त्यांनी हो म्हटलं नाही. सोमवारी सांगणार आहेत."

"नाई म्हटलं त?"

"तर दुसरीकडे देईन मुलाखत."

"आर्वीले शाळेत कोन सोडीन? सकाळचा डबा?"

शालूने उत्तर द्यायच्या आधी पुष्पाबाईंनीच प्रितमकडे बोट केलं. "पूर्ण पाठिंबा आहे ना तुह्या? मंग तूच."

प्रितमने होकार दिला. आजवरच्या पाठिंब्यात काम नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

मग पुष्पाबाई सुनेकडे वळल्या. शालूच्या हातात आता ताटही नव्हतं की तांब्याही नव्हता.

"आता मले एक सांग. तू मले इचारून राहिली का सांगून राहिली?"

शालूने वहिनीकडे बघितलं. रीताच्या ओठांवर उत्तर आलेलं होतं. गेली कितीतरी वर्षं ती अशी उत्तरं दुसऱ्या बायकांना सुचवत आली होती. या वेळी तिने नजर दुसरीकडे वळवली. हे शालूलाच म्हणायला हवं होतं.

"सांगून राहिली," शालू पुटपुटली.

"आयकू नाई आलं."

"सांगून..."

"वर कशी बोलत होती?" पुष्पाबाईंचा आवाज चढला आणि मधेच कापरा झाला. "त्या टकल्याले हात दाखवून थांबवलं. मी पाह्यलं ना. आन माह्याशी आठ वर्षं घशातल्या घशात! मी काय खाऊन टाकतो का तुले? जसं वर बोलली तसं बोल. मले बी आयकू दे एकदा."

शालूने डोळे पुसले. पाठ ताठ केली. अंगणात बाप होता, मावशीचा नवरा होता, सासरचे, माहेरचे, निम्म्या तालुक्याचे लोक होते. तिने सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं.

"आई, मी नोकरी करणार आहे," ती मोठ्याने म्हणाली. "विचारत नाही. सांगते आहे. तुम्हाला भांडायचं असेल तर भांडा, मीही भांडेन."

पुष्पाबाई बाजेवर जरा बाजूला सरकल्या आणि सुनेसाठी जागा केली.

"बस," त्या म्हणाल्या. "भांडू."